कानडी ओळीसमोर मराठी ओळ

मला कुणी ‘जमणार नाही’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. माणसानं म्हटलं तरी आणि यंत्रानं म्हटलं तरी. धाराशिवच्या बाजारातल्या एका डीटीपीवाल्यानं खुर्चीतून न उठता, चहाचे घोट घेत घेत मला हे दोन शब्द ऐकवले आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

मी त्याच्याकडं एक साधं काम घेऊन गेले होते. म्हणजे मला तरी ते साधं वाटत होतं. देवळात आरत्यांची असते तशी मधे पिना मारलेली छोटी पुस्तिका. डाव्या पानावर गाणं कानडी अक्षरांत. उजव्या पानावर तेच गाणं, भाषा कानडीच, पण अक्षरं मराठी. आणि डावीकडची प्रत्येक ओळ उजवीकडच्या ओळीच्या बरोबर समोर यायला हवी.

‘‘मॅडम, मराठी करून देतो,’’ तो म्हणाला. ‘‘कानडीचा फाँटच न्हाय आपल्याकडं. कानडी पानं तुम्ही सोलापूरला न्हाय तर गुलबर्ग्याला करून आणा, मी शेजारी चिकटवून देतो.’’

‘‘पण ओळीसमोर ओळ येईल का?’’

‘‘अंदाजानं येईल. अगदी समोरासमोर म्हणाल तर ते जमणार न्हाय.’’

अंदाजानं मला चालणार नव्हतं. मी कागद उचलले आणि बसस्टँडचा रस्ता धरला. रिक्षा करायचंही रागाच्या भरात विसरले.

ही गाणी माझ्या सासूबाईंची. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांचं माहेर सीमेपलीकडं, आळंदच्या बाजूला. तिथल्या कानडी शाळेत त्या चौथीपर्यंत शिकल्या आणि लग्न होऊन इकडं, तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात आल्या. आमच्या भागात कानडी बोलणारी माणसं घरोघर आहेत, पण वाचणारं कुणी नाही. शाळा मराठी, एसटीच्या पाट्या मराठी, लग्नपत्रिका मराठी. आत्या मराठी फडाफडा बोलतात, भांडतात तर मराठीतच, पण वाचायला काही त्या शिकल्या नाहीत. मी लग्न होऊन आल्यावर शिकवते म्हणून मागे लागले होते. ‘‘आता काय करायचंय शिकून? तू हायस की वाचायला,’’ म्हणून त्यांनी मला गप्प केलं. माहेरहून गुळाची ढेप आली की मात्र तिच्याभोवतीचा कानडी पेपर त्या नीट सोडवायच्या, मांडीवर घासून सरळ करायच्या आणि दारात बसून वाचायच्या. बातमी कितीही शिळी असली तरी. त्या वाचत असताना त्यांना कुणी हाक मारलेली चालायची नाही.

गावात मठ आहे. तिथं दर सोमवारी संध्याकाळी बायकांचं भजन असतं. आत्या गाणं धरायच्या आणि बाकीच्या मागून म्हणायच्या. ही गाणी आत्यांनी माहेराहून डोक्यातून आणलेली, कुठं लिहिलेली नव्हती. शंकराची होती, नंदीची होती, जात्यावरची होती. बायकांना ध्रुपद तेवढं पाठ. मधल्या ओळी आत्यांच्या तोंडाकडं बघत, त्यांच्या मागं मागं जायच्या. वर्षानुवर्षं असंच चाललेलं होतं आणि कुणालाच त्यात काही कमी वाटत नव्हतं.

एका सोमवारी आत्या मधेच थांबल्या. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांना गाणं मधून पकडता येत नाही, पहिल्या ओळीपासूनच यावं लागतं. म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून धरलं. त्याच ठिकाणी पुन्हा थांबल्या. बायका थोडा वेळ नुसते टाळ वाजवत राहिल्या, मग एकीएकीनं तेही थांबले. त्या काही वाईट वागल्या नाहीत, त्यांना पुढची ओळ येतच नव्हती तर त्या सांगणार काय? तरी मला त्यांचा राग आला. आत्या म्हणाल्या, ‘‘गुडघा लई दुखायलाय,’’ आणि उठल्या.

त्यानंतर सोमवार आला की आत्यांना काहीतरी काम निघायचं. ज्वारी पाखडायची, नाहीतर शेंगा फोडायच्या. बोलवायला आलेल्या बायकांना त्या दारातूनच परत पाठवायच्या. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून हे विसरणं वयाचं आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, काळजी करू नका म्हणाले. आत्या एकदा सुपावरून मान वर न करता मला म्हणाल्या, ‘‘येडी म्हणतील गं मला.’’ मला तिथंच रडू आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी आत गेले आणि उगाच भांडी घासली.

तेव्हाच मी ठरवलं की श्रावणाच्या आत पुस्तिका करायची. आत्या अडल्या तर त्यांच्यासमोर त्यांची अक्षरं असतील. बायकांसमोर बायकांची असतील. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत थांबायला नको. आणि आत्यांचं बोट अन् बायकांची बोटं एकाच ओळीवर पडायची तर ओळीसमोर ओळ पाहिजेच. श्रावणी सोमवारी आत्या पुन्हा मठात बसल्या पाहिजेत, एवढी एकच गोष्ट मला हवी होती.

गाणी उतरवून घेणं हेच पहिलं दिव्य. फोनमधे कानडी बोललं की अक्षरं उमटतात हे मला माहीत होतं. आत्यांना म्हटलं, बोला. त्या बोलायला लागल्या की ओळ जायची. चालीशिवाय त्यांना शब्दच येत नव्हते. आणि गायल्या की फोनला काही कळत नव्हतं, तो भलतंच काहीतरी लिहायचा आणि आत्या वाचून हसायच्या. शेवटी मी गाणी ध्वनिमुद्रित केली, ऐकून मराठी अक्षरांत उतरवली, संगणकाकडून त्यांची कानडी अक्षरं करून घेतली आणि आत्यांना तपासायला बसवलं. चष्मा नाकावर ओढून त्या चुका काढायच्या आणि मी दुरुस्त करायची. या कामाला त्या कधी नाही म्हणाल्या नाहीत. मठात मात्र येणार नाही म्हणत होत्या.

मी नळदुर्गच्या एका ज्युनिअर कॉलेजात माहिती तंत्रज्ञान शिकवते. माझा लॅपटॉप इतका म्हातारा की त्यावर लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीशिवाय दुसरं काही चालेना, म्हणून लिनक्स. आधी मी नेहमीच्या लिहायच्या प्रोग्रॅममधे दोन रकाने करून पाहिलं. माझ्याकडं ओळी समोरासमोर, दुसऱ्या संगणकावर उघडलं की सगळं घसरलेलं. आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या मॅडम म्हणाल्या, ‘‘अगं, गणिताची पुस्तकं ज्याच्यात जुळवतात ते घे की. त्यात आपण पान आखायचं नसतं. साध्या मजकुरात सूचना लिहून द्यायच्या, पान ते जुळवतंय. अन् एकदा जुळलं की हलत न्हाय.’’

हलत नाही हे ऐकूनच मला ते पॅकेज, म्हणजे तो प्रोग्रॅमांचा गठ्ठा, आवडलं. टर्मिनलच्या, म्हणजे हुकूम टाईप करायच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली, पासवर्ड दिला, आणि ते येऊन बसलं. सूचना शिकायला वेळ लागला. कंस एक राहिला तरी ते अडून बसायचं आणि चूक भलत्याच ओळीवर दाखवायचं. पण एका दुपारी पान निघालं. मराठी अक्षरं अशी देखणी की मी दोनदा मोठं करून पाहिलं. ओळीसमोर ओळ होती, सूत लावून पाहावी अशी.

मी लॅपटॉप उचलून आत्यांसमोर नेला. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

‘‘अक्षरं फुटल्यात,’’ त्या म्हणाल्या.

कानडीत जोडाक्षर आलं की दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी लोंबतं. इथं ते खाली न बसता बाजूला पडलं होतं. जोडाक्षर तर ओळीओळीत. आत्या वाचायला लागल्या की अडखळायच्या. गाताना अडखळू नये म्हणून चाललेला खटाटोप, आणि वाचतानाच अडखळायचं म्हणजे काय उपयोग? शोधल्यावर कळलं की माझ्या लॅपटॉपसोबत आलेलं पॅकेज जुनं होतं. नव्या आवृत्तीत ही खोड काढलेली होती. ती आवृत्ती वेगळी, थेट आणावी लागणार होती.

आणि इथं मी माती खाल्ली.

माझं माहेर अणदूर. आमचा खंडोबा वर्षातले काही महिने अणदूरला असतो आणि काही महिने नळदुर्गला. मूर्ती एकच, देवळं दोन. देव एका ठिकाणाहून निघाला की तिथला गाभारा रिकामा, मग तो दुसऱ्या ठिकाणी बसतो. निरोप द्यायचा तोही वाजतगाजत. लहानपणापासून मी हे पाहत आलेय. त्यामुळं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की एकाला निरोप दिल्याशिवाय दुसऱ्याची स्थापना होत नाही. दोन आवृत्त्या एका लॅपटॉपवर राहतील हा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. कुणा पुण्याच्या माणसाला कदाचित आला असता. अणदूरच्या माणसाला येणं कठीण.

म्हणून मी आधी जुनं काढलं. काढलं म्हणजे कसं, नावापुढं चांदणीचं चिन्ह देऊन, त्या नावानं सुरू होणारं जे जे असेल ते सगळं, त्याच्या सेटिंगसकट काढ म्हणून हुकूम सोडला. वर त्याच्यासोबत आलेली आणि आता कुणाच्याच कामाची नसलेली उरलीसुरली सामग्रीही झाडून काढ म्हटलं. ‘नक्की का?’ असं त्यानं विचारलं. मी ठसक्यात हो म्हटलं. पडद्यावर नावांची रांग वर सरकत गेली आणि मला दसरा काढल्यासारखं वाटलं. आमच्याकडं नवरात्राआधी घरातलं चिंधीन् चिंधी धुऊन भांडंन् भांडं घासतात, त्याला दसरा काढणं म्हणतात. डिस्कवर ऐसपैस जागा झाली. मी खूश.

मग नवं आणायला बसले. गावात नेट म्हणजे मोबाईलचं. दिवसाचा डेटा अर्ध्यातच संपला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या फोनवरून लावलं तर लाईट गेली आणि लाईटीबरोबर टॉवर गेला. तिसऱ्यांदा लावलं तर निम्म्यात अडकून बसलं. आता जुनं नव्हतं आणि नवंही नव्हतं. फुटकी का होईनात, जी पानं काल निघत होती तीही निघेनात.

नवरा दारातून सगळं बघत होता. तो म्हणाला, ‘‘देव वाजतगाजत नळदुर्गला पाठवलास. तिकडं देऊळ बांधलंय का न्हाय ते तरी बघायचं होतं.’’

मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. त्याचं म्हणणं बरोबर असल्यामुळं जास्तच नाही. रागात पॅकेजची माहितीपत्रिका उघडली. जी पहिल्या दिवशी वाचायला हवी होती ती. तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं की दरवर्षीची आवृत्ती आपापल्या वेगळ्या फोल्डरमधे राहते, जुनीला नवीचा त्रास नाही, जुनी काढायची गरज नाही. नवी नीट चालतेय हे पाहून मग हवं तर काढा. माझ्या माहेरचा कायदा या पॅकेजला लागू नव्हता.

आत्यांनी विचारलं, ‘‘काय झालं गं?’’

मी सांगितलं. सगळं काढून बसले आणि आता पुन्हा बसत नाही म्हणून.

आत्या म्हणाल्या, ‘‘साकु.’’ साकु म्हणजे पुरे. ‘‘जाऊ दे आता. कशाला जिवाला तरास करून घेतीस? म्या काय आता गाते व्हय?’’

त्या ओरडून बोलल्या असत्या तर मला चाललं असतं. त्या अगदी थंडपणे बोलल्या आणि शेंगांची टोपली पुढ्यात ओढली. जिच्या घरात येऊन मी कानडी शिकले, जिनं भाकरी थापताना, झाडताना, न्हाऊ घालताना कधी गाणं थांबवलं नाही, ती बाई पुरे म्हणत होती. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. त्याच बैठकीत मी कॉलेजात रजा कळवली. आत्यांना म्हटलं, ‘‘उद्या नवं लुगडं नेसा. धाराशिवला जायचंय.’’

‘‘मी कशाला?’’

‘‘अक्षरं फुटल्यात का बसल्यात ते मला कुठं कळतंय? तुम्हीच पाहिजेत.’’

धाराशिवला माझी चुलत बहीण राहते. तिच्याकडं जोरात चालणाऱ्या नेटची, फायबरची लाईन आहे. आम्ही तुळजापूरवरून एसटीनं गेलो, लॅपटॉप माझ्या मांडीवर आणि त्यावर आत्यांची पिशवी. प्रत्येक थांब्याला आत्या मला विचारायच्या, ‘‘हे कोणतं?’’ मी पाटी वाचून सांगायची. या रस्त्यानं त्या किती वर्षं येताहेत आणि प्रत्येक वेळी त्यांना कुणालातरी विचारावं लागलंय, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा टोचलं.

बहिणीनं चहा टाकला आणि मी तिच्या जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. या वेळी घाई नाही. माहितीपत्रिका शेजारी उघडी. सगळं पॅकेज माझ्या डिस्कवर मावणार नव्हतं. म्हणून लहान साचा निवडला आणि त्यात आपल्याकडच्या भाषांचा भाग जोडला. हुकूम सोडला. नावं सरकायला लागली. आत्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

‘‘हे एवढं सगळं कानडीसाठी?’’

‘‘न्हाय आत्या. लई ठिकाणच्या लोकांचं असतंय ह्याच्यात.’’

‘‘मग आपलं कवा यायचं?’’

‘‘येईल की.’’

आलं नाही. लाईट गेली. लाईट जायला धाराशिव काय आणि आमचं गाव काय. राऊटरचे दिवे विझले आणि पडद्यावरची रांग थांबली. बहीण म्हणाली, ‘‘जेवून घ्या तवर.’’ मी अर्धी भाकरी ताटातच ठेवून राऊटरकडं बघत बसले. आत्या शांतपणे जेवल्या. ज्वारीची भाकरी जरा जाड झालीय असंही त्यांनी माझ्या बहिणीला सांगितलं.

लाईट आल्यावर मी तोच हुकूम पुन्हा दिला. मनाची तयारी केली होती की आता पहिल्यापासून. पण या खेपेला त्यानं एक प्रश्न विचारला.

‘‘काय म्हणतंय?’’ आत्यांनी विचारलं.

‘‘मघाशी मधेच थांबलं होतं, तिथनंच पुढं जाऊ का म्हणतंय.’’

आत्या त्या काळ्या खिडकीकडं बघत राहिल्या.

‘‘त्याला बरं जमतंय,’’ त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. ते पॅकेज खरोखरच राहिलेल्या जागेवरून पुढं गेलं आणि दुपार उतरता उतरता काम झालं म्हणून सांगितलं. मी माझी फाईल त्याला दिली तर उत्तर आलं की असा हुकूमच सापडत नाही. माझा पारा चढला. पण या वेळी आपटाआपट नाही. पुन्हा वाचलं. नवं पॅकेज स्वतःच्या फोल्डरात बसलं होतं, पण ते कुठं राहायला आलंय हे लॅपटॉपला कुणी सांगितलंच नव्हतं. हुकूम कुठं कुठं शोधायचे त्याची जी वाट असते, तिच्यात नव्या फोल्डरचा पत्ता लिहायचा होता. जुनं पॅकेज आलं तेव्हा हे काम आपोआप झालं होतं. मी पत्त्याची ओळ लिहिली, अक्षर अन् अक्षर तपासलं, खिडकी बंद करून उघडली आणि पुन्हा हुकूम दिला.

पान आलं. मी आत्यांच्या तोंडाकडं बघत बसले.

आत्यांनी बोट काचेला टेकवलं. पायाशी बसलेली अक्षरं एकेक करून पाहिली. मग वाचायला लागल्या. गात नव्हत्या, वाचत होत्या, चौथीतली मुलगी वाचते तशा, एकेक अक्षर लावून. मी त्यांना इतक्या वर्षांत मोठ्यानं वाचताना कधी ऐकलंच नव्हतं. त्यांचा आवाज वेगळाच होता, बारीक, जरा भ्यालेला. दुसऱ्या ओळीला त्यांचा धीर वाढला आणि तिसरीला त्या वाचायच्या थांबून गायला लागल्या. बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीआधी मी त्याच डीटीपीवाल्याकडं गेले. मुद्दाम त्याच्याकडं. पेनड्राइव्ह त्याच्या हातात दिला. त्यानं फाईल उघडली, पानं खालीवर केली, मोठी केली, लहान केली.

‘‘ह्याच्यात आपल्याला कायच हलवता येत न्हाय की.’’

‘‘म्हणूनच आणलंय. फक्त छापा.’’

‘‘केलं कुठं? गुलबर्ग्याला?’’

‘‘भाकरीच्या टेबलावर,’’ मी म्हटलं. खोटं कशाला बोला, त्या क्षणी मला फार म्हणजे फारच बरं वाटलं. आत्या बाहेर रसवंतीच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना मी तेवढ्यात हाक मारून आत बोलावलं आणि पहिली प्रत यंत्रातून बाहेर येताना दाखवली. छपाई त्यानं चांगली करून दिली, पिनाही बरोबर मधे मारल्या.

पहिल्या श्रावणी सोमवारी आत्या सकाळपासून चिडलेल्या. आंघोळीचं पाणी गार म्हणून ओरडल्या, फुलं कमी आणली म्हणून ओरडल्या. संध्याकाळी शेंगांची टोपली घेऊन दारात बसल्या. मी टोपली उचलून वर माळवदाच्या गच्चीवर नेऊन ठेवली.

‘‘लई शहाणी झालीस,’’ आत्या म्हणाल्या.

‘‘व्हय, झाले. चला.’’

मठात बायकांना मी पुस्तिका वाटल्या. त्या उलटसुलट करून बघत होत्या, ‘‘आगं, आपल्याच गाण्याचं हाय की,’’ म्हणत होत्या. आत्यांनी पहिलं गाणं धरलं. पुस्तिका त्यांच्या मांडीवर उघडी होती, पण त्या तिच्याकडं बघत नव्हत्या. मीही माझ्या मांडीवरच्या पानाकडं न बघता त्यांच्याकडंच बघत होते. दुसरं गाणं तेच होतं, जे त्या दिवशी तुटलं होतं. ते घेऊ नका असं मी त्यांना सांगणार होते. त्यांनी मला विचारलंच नाही.

त्याच ठिकाणी त्या थांबल्या. तोंड उघडं राहिलं. त्यांनी घाईनं मांडीवरच्या पानाकडं पाहिलं, पण नजरेला ओळ सापडेना, बोट वरखाली फिरायला लागलं. पण या वेळी बायका थांबल्या नाहीत. त्या आपल्या मराठी अक्षरांवर बोट ठेवून पुढची ओळ म्हणत गेल्या, मोठ्यानं, उच्चारांचं वाटोळं करत. आत्यांशिवाय ती ओळ त्या मठात पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. शेजारच्या बाईनं स्वतःच्या पानावरचं बोट न काढता दुसऱ्या हातानं आत्यांचं बोट धरलं आणि आपल्याच पुस्तिकेत समोरच्या कानडी ओळीवर ठेवलं. तिला कानडी वाचता येत नाही. पण आपल्या ओळीच्या समोर त्यांची ओळ, एवढं तिला दिसत होतं.

आत्यांनी गाणं मधूनच धरलं. पहिल्यापासून नाही, मधूनच. पुढचं कडवं संपता संपता त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला होता. गाणं संपल्यावर त्यांनी पानावरचं बोट काढलं आणि म्हणाल्या, ‘‘एवढी घाई कशाला गं? कुणी माघं लागलंय का? सावकाश म्हणा की.’’

बायका हसल्या. मी खांबाआड तोंड केलं आणि पदरानं डोळे पुसले.

श्रावण सरला. कॉलेजात प्रवेशांची कामं वाढली आणि लॅपटॉप रोज जागा संपली म्हणून कुरकुर करायला लागला. सगळ्यात जास्त जागा त्या पॅकेजनं धरलेली. पुस्तिका तर झाली होती, छापील प्रती होत्या, फाईल पेनड्राइव्हवर होती. मग ठेवायचं कशाला? एका रविवारी सकाळी मी काढायला बसले. या वेळी रीतीनं. नुसतं फोल्डर उचलून फेकायचं नाही, त्याचा स्वतःचा काढायचा हुकूम असतो तो द्यायचा, मग मी लिहिलेली पत्त्याची ओळ पुसायची, मग माझ्या फायलींमधे त्यानं करून ठेवलेलं लपलेलं फोल्डर. सगळं वाचून ठेवलं होतं. हुकूम दिला. पॅकेजनं विचारलं, सगळंच्या सगळं काढू का, हो की नाही.

तेवढ्यात आत्या चुलीपुढून आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. भाकरी तव्यावर टाकून आल्या होत्या, जळका वास यायला लागला होता. आत्या कधी भाकरी सोडून उठत नाहीत. मला वाटलं, भाजलं की काय.

‘‘लिही,’’ त्या म्हणाल्या.

‘‘काय?’’

‘‘माझ्या आईचं हाय. मला पाळण्यात घालून म्हणायची. ह्या घरात म्या कवाच म्हणलं न्हाय. गेलं म्हणून सोडून दिलं होतं.’’ त्या दाराच्या चौकटीला टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले. ‘‘मधी बोलू नको. भाकरी जळली तर जळू दे. हे पुन्हा यायचं न्हाय.’’

मी नाहीचं बटण दाबलं. मग कोरी फाईल उघडली, आणि आत्यांनी पहिली ओळ धरली.